घर रोज दुपारी ३० मीटर वर जातंय! उंची दाखवणारं घड्याळ, विमानातले काटे आणि त्यांच्या चुका

तापीकाठचा
राम राम मंडळी. प्रश्न जरा येडपट आहे पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून टाकतोय.

पोराने वाढदिवसाला ट्रेकिंगचं घड्याळ दिलं. त्यात उंची दिसते, पण जीपीएसवाली नाही, हवेच्या दाबावरून काढलेली. आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०९ मीटर, तो आकडा मी एका सकाळी दहा वाजता सेट केला. दुपारी चारला चहा घेताना बघतो तर २४०. घर तिथंच, मी तिथंच, खुर्ची पण तीच. रात्री जेवण आटोपून दहाला बघितलं तर परत २१५. म्हटलं बिघडलं असेल, तर आठ दिवस वहीत मांडून ठेवलं. रोज हेच. सकाळी खाली, दुपारी वर, रात्री खाली.

अजून दोन गोष्टी. एप्रिलमध्ये पहाटे गाडी काढून तोरणमाळला गेलो. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास धरतात, घड्याळ वर पोचल्यावर १०७० च्या पुढे जायला तयार नाही. आणि मुंबई-दिल्ली विमानात पायलट म्हणतो आपण ३४ हजार फुटांवर आहोत, घड्याळ म्हणतंय साडेसहा हजार.

मला सांगितलं गेलं की विमानातसुद्धा उंची हवेच्या दाबावरूनच काढतात. मग माझं घर जर रोज ३० मीटर हलतंय तर ते लोक रात्री धावपट्टीवर उतरतात कसे? कोणी पायलट, मेकॅनिक असेल तर नीट सांगा. मी बँकेतून रिटायर झालोय, वेळ भरपूर आहे.

भरीत_पार्टी
भाऊ, जळगावात मे महिन्यात दुपारी चारला घरच काय, माणूस पण हलतो. पन्हं प्या.

चाळीसगाव_टू_पुणे
सोपंय. हवामान बदललं की दाब बदलतो, पाऊस यायचा असेल तर दाब कमी होतो आणि घड्याळाला वाटतं आपण वर गेलो. तेवढंच.

तापीकाठचा
@चाळीसगाव, पाऊस? मे महिना चालू आहे भाऊ, ४४ अंश, आभाळात ढगाचा तुकडा नाही. आणि पाऊस काय घड्याळ लावून रोज चारलाच येतो का?

काटेवाले_नाना
धुळ्याहून लिहितोय. विमानाच्या मीटरच्या दुरुस्तीत २२ वर्षं काढली, त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आधी तिसरा प्रश्न, तो सोपा. प्रवासी विमानात आत हवा भरलेली असते. बाहेर ३४ हजार फुटांची विरळ हवा, आत मात्र सहा-सात हजार फुटांवर असते तेवढी. तुमचं घड्याळ बिचारं खरं बोललं, ते आतली हवा मोजतंय. विमानाचा मीटर आतली हवा घेत नाही. त्याची डबी सीलबंद असते आणि विमानाच्या कुशीला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातून नळीने बाहेरचा दाब डबीत येतो. त्या भोकांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात.

डबीच्या आत पातळ पत्र्याची चुण्या पाडलेली, हवा काढून घेतलेली कॅप्सूल असते. हिंगाच्या डबीपेक्षा लहान. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी, कॅप्सूल फुगते, दांड्या आणि दात्यांच्या चाकांवरून काटा फिरतो. खाली आलं की दबते. तर मुद्दा असा की उंची मोजणारं असं त्यात काहीच नाही. तो दाबाचा मीटर आहे, फक्त तबकडीवर पास्कलऐवजी फूट छापलेले आहेत. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल दाब कमी झाला की काटा २७-२८ फूट वर जातो. तुमचं घर ३१ मीटर वर जातंय म्हणजे दाब साडेतीन हेक्टोपास्कलने उतरतोय. रोज ठरल्या वेळेला का उतरतोय ते मात्र दाबवाल्यांनाच विचारा, मी काटेवाला.

रावेर_केळी
नाना एकदम समजलं. आमच्या ड्रिपच्या फिल्टरवर दोन गेज असतात, एक पाणी आत येताना आणि एक बाहेर जाताना. दोघांत अर्ध्या किलोचा फरक दिसला की समजायचं फिल्टर कचऱ्याने भरलं, बॅकवॉश द्या. गेजला थोडंच माहीत आहे कचरा म्हणजे काय, ते फक्त दाब सांगतं, कचरा आपण समजून घेतो. तसंच ना हे?

काटेवाले_नाना
@रावेर, तुम्ही तर विमानाचा वेगाचा मीटर अर्धा सांगून टाकला राव!

वेगाचा मीटर दोन दाबांतला फरकच मोजतो. पंखाखाली किंवा नाकाजवळ एक नळी असते, तोंड समोर करून, तिला पिटो ट्यूब म्हणतात. समोरून येणारी हवा तिच्यात घुसून अडते, म्हणून तिच्यातला दाब जास्त. दुसऱ्या बाजूला तीच कुशीतली भोकं, तिथं फक्त साधा दाब. दोघांतला फरक म्हणजे वेगामुळे आलेला जादा दाब, त्यावर काटा फिरतो आणि तबकडीवर नॉट, म्हणजे विमानाच्या वेगाचं माप, छापलेले.

आणि गंमत ऐका, पाणीवाल्यांनो. आँरी पिटो हा फ्रान्सचा पाण्याचा इंजिनियर. १७३२ मध्ये त्याने ही नळी सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला वापरली. राइट बंधूंचं विमान उडालं १९०३ ला. म्हणजे विमानाच्या १७१ वर्षं आधी त्याचा स्पीडोमीटर तयार होता, आणि तो कॅनॉलवाल्या माणसाने केलेला होता.

रावेर_केळी
वा! म्हणजे पाटबंधारेवाल्यांचा हात लागला होता तर. तरी विमानं लेट का होतात ते आज समजलं.

भरीत_पार्टी
😂😂

लोकोशेड
भुसावळहून. मी इंजिनं सांभाळली, विमानं नाही, पण एक सांगतो. आमच्याकडे वेग चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतात. चाक झिजून लहान झालं की त्याच अंतराला जास्त फेऱ्या मारतं आणि मीटर जास्त वेग दाखवतो. म्हणून चाकाचा व्यास मोजून मीटरमध्ये भरावा लागतो. सांगायचं म्हणजे खोटं न बोलणारा मीटर मी ३४ वर्षांत बघितला नाही, फक्त कुठल्या बाजूला आणि किती खोटं बोलतो ते माहीत पाहिजे.

सातपुड्याची_घार
नमस्कार, मी शहाद्याची, पायलटचं ट्रेनिंग चालू आहे, परीक्षेसाठी हेच सगळं घोकतेय सध्या 😅 नानांनी छानच सांगितलंय, मी धावपट्टीवर उतरण्याचं सांगते.

अल्टिमीटरला, म्हणजे नानांच्या त्या उंचीच्या मीटरला, एक गोल बटण असतं आणि काचेत एक छोटी खिडकी, कोल्समन विंडो. त्यात त्या वेळचा दाब भरायचा. टॉवरवाले क्यूएनएच सांगतात, म्हणजे त्या ठिकाणचा दाब समुद्रसपाटीला आणून काढलेला आकडा. तो भरला की धावपट्टीवर उभं असताना मीटर त्या धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. काका, तुमचं घड्याळ बिघडलेलं नाहीये, तुम्ही फक्त आठ दिवसांपूर्वीचा क्यूएनएच भरून बसलायत :) आम्ही प्रत्येक उड्डाणाला आणि उतरायच्या आधी नवा भरतो.

न भरता जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात गेलं तर मीटर असलेल्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. तुम्हाला वाटतं खाली भरपूर जागा आहे, आणि ती नसते.

चाळीसगाव_टू_पुणे
पण हे सगळं १९३० सालचं तंत्रज्ञान झालं ना. खिशातला फोन जीपीएसवरून उंची सांगतो, वेग सांगतो. सगळी विमानं जीपीएसवर टाका, विषय संपला. भोकं, नळ्या, कॅप्सूल कशाला सांभाळत बसायचं?

सातपुड्याची_घार
@चाळीसगाव दादा, जीपीएस आहेच हो विमानात. पण ते सांगतं जमिनीवरचा वेग. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं, त्याच्यावरून हवा किती जोरात जाते तेवढंच त्याला कळतं. पाठीमागून ४० नॉटचा वारा असेल तर जीपीएस १०० दाखवेल आणि पंखाला ६० च मिळत असतील, त्या वेगाला आमचं छोटं विमान पडायच्या बेतात असतं. तापीला पूर असताना पोहणाऱ्या माणसाचा वेग काठावरून मोजल्यासारखं आहे ते.

काटेवाले_नाना
बरोबर पोरी. आणि उंचीचं अजून एक. एका ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळी विमानं खिडकीत एकच आकडा भरतात, १०१३.२५ हेक्टोपास्कल. खालचा खरा दाब काहीही असो. म्हणजे ३४ हजारवालं विमान खरोखर ३४ हजारावर नसतंच बहुतेक वेळा, हजार-दोन हजार फूट इकडेतिकडे असू शकतं. पण ३५ हजारवालं पण तेवढंच चुकलेलं असतं, त्याच बाजूला. सगळे सारखे चुकले की एकमेकांना धडकत नाहीत. एकाने शहाणपणा करून खरी उंची धरली तर घोटाळा.

लोकोशेड
आमच्या जुन्या साहेबासारखं. घड्याळ पाच मिनिटं पुढं, पण सगळ्या शेडची घड्याळं त्यांनी तशीच लावून घेतली होती. एकही माणूस लेट झाला नाही.

चाळीसगाव_टू_पुणे
हम्म. हे मान्य. तरी बॅकअपला जीपीएस पाहिजेच हे माझं मत कायम.

अमळनेरचे_मास्तर
तोरणमाळच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही म्हणून मी लावतो. गणिताचा मास्तर आहे, रिटायर.

असे सगळे मीटर एका कल्पनेतल्या हवेवर बेतलेले असतात. समुद्रसपाटीला १५ अंश, दाब १०१३.२५, आणि दर हजार फुटांना साधारण दोन अंशांनी थंड. आता एप्रिलमध्ये खान्देशात १५ अंश कुठून आणणार, फ्रिज उघडून? गरम हवा फुगलेली असते, तिचे थर जाड होतात. म्हणजे तेवढाच दाब उतरायला जास्त उंची चढावी लागते. ढोबळ नियम असा की हवा १० अंशांनी जास्त गरम असेल तर खरी चढाई मीटरपेक्षा ४ टक्के जास्त.

जळगाव ते तोरणमाळ चढ समजा ९४०. हवा त्या कल्पनेपेक्षा सरासरी २०-२२ अंशांनी गरम. म्हणजे आठेक टक्के, ७० मीटरच्या आसपास कमी दाखवणार. तुमचं घड्याळ ८० ने कमी होतं. उरलेले १० कुठं गेले ते देवाला माहीत, पण ताळा जवळपास बसतो.

उलट थंडीत हाच मीटर जास्त उंची दाखवतो, आणि डोंगराळ थंड देशात तो धोका असतो. आपल्याकडे हा मीटर चुकला तर सुरक्षित बाजूला चुकतो एवढं समाधान.

सातपुड्याची_घार
मास्तर, सुरक्षित फक्त मीटरपुरतं हं! गरम हवेचा मार वेगळीकडून बसतो. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला वाटणारी उंची, काढा ना जळगावची, ४५ अंशांना.

अमळनेरचे_मास्तर
काढतो. जळगाव ६९० फूट. त्या उंचीला कल्पनेतलं तापमान साडेतेरा. आपलं ४५. फरक साडेएकतीस. दर अंशाला १२० फूट धरतात, म्हणजे ३७८० फूट. एकूण ४४७० फूट.

म्हणजे मे महिन्याच्या दुपारी जळगावच्या धावपट्टीवरच्या विमानाला आपण महाबळेश्वरच्या उंचीवर उभे आहोत असं वाटतं.

भरीत_पार्टी
काय सांगतास मास्तर! म्हणजे आम्ही फुकट महाबळेश्वरला राहतोय आणि पैसे भरून तिकडे जातोय?? स्ट्रॉबेरी तेवढी कमी पडतेय.

अमळनेरचे_मास्तर
खोड काढायचीच तर महाबळेश्वर पण ६ अंशांचं धरावं लागेल, कल्पनेतल्या हवेत तिथं तेवढंच तापमान येतं. मे महिन्यातलं खरं महाबळेश्वर याच हिशोबाने अजून वर जाईल. पण जाऊ द्या, तुम्हाला आनंद झाला तेवढं पुरे.

सातपुड्याची_घार
आणि म्हणूनच उन्हाळ्यात आम्हाला पहाटे सहाला उडवतात. दुपारी तेच विमान धावपट्टी जास्त खातं, चढताना जीव काढतं, आणि मीटरवरचा वेग मात्र नेहमीचाच दिसतो. हवा विरळ झाली की मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो, हजार फुटांना साधारण २ टक्के. पण ही चूक आमच्या कामाची आहे. पंखाला आणि पिटोला एकच हवा लागते ना, त्यामुळे ज्या आकड्याला विमान पहाटे जमीन सोडतं त्याच आकड्याला दुपारी पण सोडतं.

रावेर_केळी
एक विचारू का. ती पिटोची नळी उघड्या तोंडाची आहे म्हणता. आमच्याकडे कुठलीही नळी आठ दिवस उघडी राहिली की कुंभारीण माशी चिखलाचं घर करते. स्टार्टरच्या पेटीत, कुलपाच्या भोकात, मागच्या वर्षी फवारणीच्या गनमध्ये केलं होतं, मी पंप सुरू करून नोझलकडे बघत बसलो. विमानाला असं होत नाही का?

काटेवाले_नाना
होतं. आणि त्यात माणसं गेली आहेत.

६ फेब्रुवारी १९९६. डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुएर्तो प्लाता. बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ विमान बरेच दिवस उभं होतं, पिटोवर झाकणं नव्हती. त्यातली एक नळी बुजली, आणि तपासात सगळ्यात जास्त संशय तुमच्या कुंभारणीवरच गेला. रात्रीची वेळ. कॅप्टनच्या बाजूचा वेगमीटर चढताना वेग वाढतोच आहे असं दाखवत राहिला. खरा वेग कमी होत होता. सगळेच्या सगळे १८९ गेले.

आता बुजल्यावर काय होतं ते सांगतो, कारण हेच लोकांना समजत नाही. नळीचं फक्त तोंड बुजलं आणि खालचं पाणी निथळायचं भोक उघडं असलं, तर दाब निघून जातो, काटा शून्यावर येतो. ते बरं, निदान समजतं. पण तोंड आणि भोक दोन्ही बुजली तर आतला दाब कोंडून राहतो. मग विमान वर गेलं की बाहेरचा दाब उतरतो, फरक वाढतो, आणि काटा वेग वाढला म्हणून सांगतो. खाली आलं की उलट. वेगाचा मीटर उंचीच्या मीटरसारखा वागायला लागतो. पायलट वेग जास्त झाला म्हणून नाक अजून वर करतो, आणि काटा अजून वाढतो.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूत लिमाजवळ एरोपेरूचं ७५७. धुताना स्टॅटिकच्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. रात्र, खाली समुद्र, उंची पण खोटी, वेग पण खोटा. ७० माणसं. पट्टीचा तुकडा हातभर पण नसेल.

तापीकाठचा
बापरे. मी घड्याळाचं विचारायला आलो होतो.

लोकोशेड
नाना, फ्रान्सचं पण एक होतं ना, समुद्रात पडलेलं?

काटेवाले_नाना
एअर फ्रान्स ४४७, १ जून २००९, रिओ ते पॅरिस. तिथं बर्फाचे कण. पिटोला आत हीटर असतो, तरी थोड्या वेळापुरत्या नळ्या बुजल्या, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, ऑटोपायलटने हात वर केले. नळ्या मिनिटाभरात मोकळ्या झाल्या होत्या. पण तोवर हातातल्या विमानाचं नाक वर गेलं होतं आणि ते तसंच वर धरून ठेवलं गेलं. २२८ माणसं.

सातपुड्याची_घार
आम्हाला म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावतात. विमानाभोवती फेरी मारायची, पिटोचं लाल पट्टीवालं झाकण काढलं का, भोकं साफ आहेत का, हात लावून बघायचं (फुंकायचं मात्र नाही, मीटर खराब होतो). आणि धावपट्टीवर पळायला लागलो की वेगाचा काटा हलला का ते मोठ्याने बोलायचं, 'एअरस्पीड अलाइव्ह'. काटा मेलेला असेल तर तिथंच थांबायचं.

माझ्याबाबतीत एकदा झालंय. सकाळची वेळ, मी थ्रॉटल दिला, पळतोय, पळतोय, काटा ढिम्म. मला वाटलं येईल आता. इन्स्ट्रक्टर सरांनी माझ्या आधी थ्रॉटल बंद केला. परत येऊन बघितलं तर नळीत कसला तरी किडा. झाकण काढताना मी हात लावला होता, वाकून बघितलं नव्हतं. सर दिवसभर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

रावेर_केळी
ताई, सर चांगले आहेत तुमचे. आमच्या वडिलांनी फवारणीच्या गनवरून आठ दिवस बोललं मला.

भरीत_पार्टी
मग भोकं बुजली तर करायचं काय? विमान थांबवून उतरता तर येत नाही.

सातपुड्याची_घार
स्टॅटिक बुजलं तर आत एक पर्यायी नळी असते, खटका ओढला की केबिनमधला दाब घेते. आमच्यासारख्या बिनदाबाच्या छोट्या विमानात ती नसली तर पुस्तकात लिहिलंय की चढ-उताराच्या मीटरची काच फोडायची. खरंच! काच फुटली की आतली हवा त्या नळीत जाते आणि बाकीचे दोन्ही काटे परत जिवंत होतात. फोडलेला मीटर गेला ते गेला.

काटेवाले_नाना
आणि मग तो मीटर आमच्याकडे यायचा. तुम्हाला पायलट वाचल्याचा आनंद, आम्हाला भरायला चार फॉर्म.

चाळीसगाव_टू_पुणे
मला एक कळत नाही. सगळे मीटर गेले तरी विमान सरळ चाललंय का वाकडं हे माणसाला अंगाला समजत नाही का? गाडीत डोळे मिटले तरी वळण समजतं.

सातपुड्याची_घार
एक प्रयोग करा दादा. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर बसा, डोळ्यांवर रुमाल, आणि कोणाला तरी अगदी हळू, एकाच वेगाने फिरवत राहायला सांगा. साधारण २० सेकंदांनी फिरणं थांबलं असं वाटेल. मग खुर्ची खरंच थांबवा.

चाळीसगाव_टू_पुणे
केला. आताच. थांबवल्यावर मी उलटं फिरतोय असं शपथेवर सांगितलं असतं. बायको हसून हसून खाली बसली. ऑफिसात करायला नको.

काटेवाले_नाना
आता ती खुर्ची अंधारात समुद्रावर आहे असं समजा. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं ७४७, सम्राट अशोक. मुंबईहून दुबईला निघालं. रात्र, समोर काळा समुद्र, क्षितिज नाही. उजवीकडे वळून विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा कृत्रिम क्षितिजाचा मीटर उजवीकडे कललेलंच दाखवत राहिला. ते सरळ करायला म्हणून विमान डावीकडे वळवलं, वळवत राहिले, आणि ते वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. उड्डाणानंतर दोन मिनिटं पण झाली नव्हती. २१३ माणसं. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी रेडिओ बंद केला होता एवढं आठवतं. पुढे याच धंद्यात पडलो तेव्हा पहिल्यांदा समजलं की नेमकं काय झालं असेल.

कॉकपिटमध्ये तसे मीटर एकापेक्षा जास्त असतात. एक वेगळं सांगतोय हे दिसलं की दुसऱ्या दोघांना विचारायचं, एवढंच करायचं असतं. पण दहा-वीस सेकंदांत, अंधारात, ते सुचायला लागतं.

लोकोशेड
…

रावेर_केळी
ते क्षितिजाचं यंत्र चालतं कसं पण? त्यात तर दाब नाही.

सातपुड्याची_घार
भोवरा! जोरात फिरणारा भोवरा आपला अक्ष सोडत नाही, विमान त्याच्याभोवती वाकडंतिकडं होतं. जुन्या छोट्या विमानांत इंजिनवरचा एक पंप हवा खेचून तो भोवरा फिरवतो. पंप मेला तरी भोवरा लगेच पडत नाही, हळूहळू मंदावतो आणि हळूहळू खोटं बोलायला लागतो. एकदम मेलेला मीटर परवडला, हा नाही.

दिशेचा भोवरा असतो त्याची अजून मजा. तो अंतराळात आपली दिशा धरून बसतो आणि खालची पृथ्वी फिरत राहते. म्हणून तो आपोआप सरकल्यासारखा दिसतो, तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची साइन.

अमळनेरचे_मास्तर
आपण २१ अंशांवर. साइन ०.३५८. तासाला ५.४ अंश. म्हणजे यंत्रात काही दोष नसताना, नुसत्या पृथ्वीमुळे! पोरी, हे उदाहरण मला नोकरीत असताना का नाही सांगितलंस, त्रिकोणमिती शिकवताना पोरं विचारायची हे कुठं लागतं म्हणून.

सातपुड्याची_घार
😀 म्हणून आम्ही दर दहा-पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवतो. आणि होकायंत्र स्वतः वेगळा नमुना. विमान पूर्व-पश्चिम जाताना वेग वाढवला की उत्तरेकडे सरकतं, कमी केला की दक्षिणेकडे. वळताना तर कुठलंही बरळतं. कारण चुंबकसूई नुसती उत्तरेकडे नाही, खाली जमिनीकडे पण ओढली जाते. सरळ, एका वेगाने चालताना तेवढं खरं बोलतं, म्हणून जुळवायचं पण तेव्हाच. आपल्याकडे ही ओढ युरोपपेक्षा बरीच कमी, कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. एवढं सुख. तरी माझ्या एका मैत्रिणीने फोन होकायंत्राजवळ ठेवला आणि दहा मिनिटं भलत्याच दिशेला उडत होती.

भरीत_पार्टी
डोकं चक्रायी गयं मनं. दाब खोटा, वेग खोटा, होकायंत्र खोटं, आपलं अंग पण खोटं. मी भुसावळहून पॅसेंजरने जातो.

लोकोशेड
या, स्वागत आहे. स्पीडोमीटर जास्त दाखवतो, गाडी पोचेपर्यंत तेवढंच समाधान.

वाऱ्याची_दिशा
उशिरा आले. वेधशाळेत निरीक्षणं घेण्यात नोकरी गेली, आता नंदुरबारला असते. सगळा धागा वाचला आणि मूळ प्रश्न अर्धवट राहिला असं दिसलं. घर चारलाच वर का जातं.

तापीकाठचा भाऊ, तुमच्या वहीतले आकडे बघून मला माझी नोकरी आठवली. सकाळी दहा कमी, दुपारी चार जास्त, रात्री दहा परत कमी. तुम्ही पहाटे चारला उठून बघितलंत तर तेव्हा पण थोडं वर गेलेलं दिसेल. हवामान बिघडण्याशी याचा संबंध नाही. वातावरणाला पण भरती-ओहोटी असते. समुद्रासारखी दिवसातून दोनदा, पण चंद्रामुळे नाही, सूर्याच्या तापवण्यामुळे. वरचा ओझोन आणि हवेतली वाफ ऊन शोषतात, सगळं वातावरण तालात हलतं. दाब सकाळी दहाच्या सुमाराला आणि रात्री दहाला चढतो, पहाटे चारला आणि दुपारी चारला उतरतो. आपल्या उष्ण भागात हे सगळ्यात ठळक दिसतं, तीन-चार हेक्टोपास्कल सहज. थंड देशांत वादळंच एवढी येतात की त्यात हे बुडून जातं. आम्हाला रीडिंगच्या वेळा काटेकोर पाळायला लावायचे त्याचं एक कारण हे.

आणि मास्तर, तुमचे देवाला माहीत असलेले १० मीटर. भाऊ जळगावहून पहाटे निघाले ना? पहाटेचा दाब उतरलेला, वर पोचले तेव्हा दहा-अकरा वाजले असतील, दाब भरतीवर. तेवढ्याने घड्याळ अजून दहा-पंधरा मीटर खाली दाखवणार.

अमळनेरचे_मास्तर
ताई, साष्टांग नमस्कार. ७० अधिक १०. ताळा बसला!

तापीकाठचा
ताई, घड्याळ मी घरून निघताना पावणेसहाला २०९ ला सेट केलं होतं, वर साडेदहाला पोचलो. वहीत आहे. अंगावर काटा आला खरं सांगतो.

काटेवाले_नाना
२२ वर्षं बेंचवर मीटर तपासले, सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळत नाही म्हणून पोरांना झापलं, आणि हे आज समजतंय. ताई, धुळ्याला आलात तर घरी या.

चाळीसगाव_टू_पुणे
फोनमध्ये पण दाबाचा सेन्सर आहे असं आत्ता दिसलं. पुण्यात सकाळपासून उतरतोय. बायको म्हणते खुर्ची झाली, आता हे.

तापीकाठचा
आज पहाटे चारचा गजर लावून उठलो. २२३. ताई म्हणाल्या तसंच, वर गेलेलं आहे, पण दुपारएवढं नाही. घरची म्हणाली एवढ्या पहाटे काय बघताय, म्हटलं भरती बघतोय. तापीची का? म्हटलं नाही, वरची. ती परत झोपली.

भरीत_पार्टी
वहिनींना आमचा नमस्कार सांगा. आणि दुपारी चारला घर वर गेलं की गच्चीवरून महाबळेश्वर दिसतं का तेवढं बघून कळवा.